पैलवानाने कापलेले चार टायर

तो बाहेरचा दिवा मालवा आधी, किडे येतात. हं. आता बसा नीट.

भुताची गोष्ट हवी ना तुम्हाला? मग पडकं घर नि मोकळे केस असलं काही माझ्याकडे मिळणार नाही. माझ्याकडे आहे ते टायरचं दुकान. हसताय? हसून घ्या आत्ताच. नंतर हसायचं सुचणार नाही.

मी तेव्हा गाड्यांच्या सीटा शिवायचो. माझ्या दुकानाची आणि टायरच्या दुकानाची भिंत एकच. टायरवाल्याला आम्ही पैलवान म्हणायचो. आखाड्याचं तोंडही त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण दोन हातांत दोन टायर पिशव्यांसारखे लटकवून चालायचा, म्हणून पैलवान. आवाज मात्र बारीक. आणि स्वभाव असा भिडस्त, की समोरच्याने दोनदा विचारलं की तिसऱ्यांदा ह्याच्या तोंडून 'हो' निघालंच. ही गोष्ट मला सांगितली ती त्यानेच. आणि पैलवान खोटं बोलायला लागला तर कान लाल व्हायचे त्याचे. हे सांगताना ते पांढरे पडले होते.

चार वर्षं झाली. नोव्हेंबर महिना, पंधरा तारीख, शनिवार. सकाळी चष्मेवाले दुकानात आले. चौकातलं चष्म्याचं दुकान त्यांचं. अर्ध्या गावाचे नंबर त्यांना तोंडपाठ.

"टायर बघायला आलोय," म्हणाले.

कुठल्या गाडीला, हे पैलवानाने विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. दोन दारं, दोन सीटा, लाल रंग, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी. तीस वर्षं जुनी स्पोर्ट्स गाडी. चष्मेवाल्यांनी आणि त्यांच्या मुलीने ती भंगारातून उचलून आणली आणि चार वर्षं रविवारचे रविवार घालवून उभी केली होती. बायको लवकर गेलेली. बाप-लेक दोघंच. मुलगी जनावरांची डॉक्टर. हाताला सकाळी गाईचा वास आणि संध्याकाळी ग्रीसचा. चष्मेवाले म्हणायचे, "हिला स्थळ शोधताना मुलाची पत्रिका नको, लायसन्स बघावं लागणार." ती म्हणायची, "बाबा, आधी गाडीचं लग्न लागू द्या."

त्या गाडीच्या सीटा मी शिवल्या होत्या. काळं कापड, लाल दोरा. दोरा तिनेच निवडलेला.

गाडी तयार झाली तेव्हा राहिले होते फक्त टायर. आणि तिथे बाप-लेकीचं वाजलं.

तिला हवे होते रुंद खाचांचे, पाणी बाहेर फेकणारे. "मला आडवेळी खेड्यांत जावं लागतं बाबा, रस्ता कधी कसा असेल सांगता येत नाही." आणि चष्मेवाल्यांना कुठल्याशा गोदामात सापडले होते त्या गाडीचे मूळ टायर. म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा ज्या नक्षीचे होते, अगदी तेच. न वापरलेले. वरचा कागदसुद्धा निघाला नव्हता. माणूस हरखून गेला होता.

पैलवानाने टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर बारा वर्षांचे होते.

"काका, नक्षी नवी आहे, पण रबर शिळं झालंय," तो म्हणाला. "कडक झालंय. कोरड्यात चालेल. ओल्यात धरणार नाही."

"अरे, कागदात होते. ऊन नाही, पाऊस नाही."

"तरी पण..."

"पैलवान, चार वर्षं राबलोय मी ह्या गाडीसाठी."

पैलवानाने मुलीकडे पाहिलं. ती बापाकडे बघत होती. मग हसली आणि म्हणाली, "घाला हो तेच. बाबांची हौस आहे. सहा महिन्यांनी बदलू."

पैलवानाने घातले.

सहा महिने नाही निघाले. सात आठवड्यांनी, रात्री ती एका अडलेल्या म्हशीला सोडवून परत येत होती. पाऊस नव्हता. तलावाच्या वळणावर एक पाण्याचा टँकर गळत गेला होता, तेवढाच रस्ता ओला. बाकी सगळा कोरडा. गाडी घसरली आणि चालकाच्या दाराच्या बाजूने कठड्यावर गेली. गाडीचं फार काही झालं नाही. दार तेवढं चेपलं होतं...

असो.

तर त्या शनिवारी चष्मेवाले टायर बघायला आले, त्याला मधे जवळजवळ तीन वर्षं गेली होती. गाडी त्यांनी पुन्हा दुरुस्त केली होती. का, ते कोणी विचारलं नाही. पैलवानाला वाटलं, बरं झालं, माणूस सावरतोय. विकायची असेल.

त्याने तीन जोड मांडले. एक मऊ रबराचा, कोरड्या रस्त्याला गोंदासारखा चिकटणारा. एक साधा, टिकाऊ. आणि एक रुंद खाचांचा. चष्मेवाल्यांनी नेहमीचा चष्मा काढून वाचायचा लावला आणि एकेक टायर असा बघितला, जसं आपण नुकतंच जन्माला आलेलं मूल बघतो. तिसऱ्याच्या खाचेत बोट घातलं.

"हे ओल्यात धरतील?"

"धरतील काका."

"नक्की?"

"नक्की."

बराच वेळ ते बोट तसंच खाचेत होतं. मग म्हणाले, "मग तेव्हा का नाही घातले आपण?"

पैलवान मला म्हणाला, त्या क्षणी चाक खोलायची लोखंडी टामी डोक्यात घातली असती तरी इतकं लागलं नसतं. 'तुम्ही' म्हणाले असते तर शिवी समजून गिळली असती. 'आपण' म्हणाले.

टायर ठरले. रुंद खाचांचे. सोमवारी गाडी आणतो म्हणून गेले. सोमवारी संध्याकाळी कामचलाऊ टायरांवर, टोचन लावून ओढत गाडी आली. पैलवान स्वतः आत बसला, ओढून आणणाऱ्यांनी ढकलत लिफ्टवर घेतली. आणि मागून एका टेंपोतून चष्मेवाले उतरले. टेंपोत चादरीत गुंडाळलेले चार टायर.

तेच. जुने.

"हे चढव," म्हणाले.

"काका, आपलं ठरलंय ना..."

"हेच चढव. उद्या सकाळी सहाला न्यायला येतो."

"इतक्या सकाळी कुठे जायचंय?"

"तलावाच्या वळणापर्यंत." चादरीची घडी घालता घालता बोलत होते. "उद्या तीन वर्षं होतात."

पैलवान समजला. कोणालाही समजलं असतं. परत यायचं असेल तो माणूस दुकानाच्या किल्ल्या दुसऱ्याकडे देऊन येत नाही. चष्मेवाल्यांनी त्या दुपारीच माझ्याकडे दिल्या होत्या, पैलवानाने ते पाहिलं होतं. मला वाटलं, गावाला जातायत. मी काय, सीटा शिवणारा माणूस...

त्याने एकदा नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा चष्मेवाल्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. म्हातारा रडत नव्हता. नुसते हात धरून उभा होता. आणि पैलवान 'हो' म्हणाला.

सतरा नोव्हेंबर, सोमवार. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याने चौथं चाक आवळलं. शटर आतून ओढलं. बॅटरीची वायर काढून ठेवली, सकाळी तेवढाच उशीर करता येईल म्हणून. किल्ली खिशात घातली. घरी जावंसं वाटेना. टायरच्या थप्पीवर बसून राहिला. गाडी लिफ्टवर, कमरेइतकी उंच. चारही चाकं अधांतरी.

पावणेबाराला आवाज आला. बारीक. बेअरिंग फिरतं तसा.

त्याने वर पाहिलं.

मागची चाकं फिरत होती.

हळू. दोन्ही सारखी. इंजिन बंद. किल्ली खिशात... त्याने चाचपून पाहिली. होती.

वारा असेल म्हणावं, तर शटर बंद.

मग चाकांचा वेग वाढला. अपुऱ्या उजेडात नक्षी दिसेनाशी झाली. आवाज तेवढाच, बारीक. आणि पुढची चाकं डावीकडे वळली. सावकाश. ओळखीच्या वळणावर कोणी वळवावीत तशी.

क्षणभर तशीच.

मग एकदम उजवीकडे. पूर्ण. डावीकडे. उजवीकडे. घाईघाईने. कोणीतरी सावरत होतं... सावरत होतं...

थांबली.

सगळं थांबलं.

पैलवान उठला नाही. दुकानात रबराचा वास असतोच, पण आता ओल्या डांबराचा आला.

पुन्हा बारीक आवाज.

मागची चाकं. वेग. डावीकडे. उजवीकडे. डावीकडे...

थांबली.

तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा पैलवानाला रडू फुटलं. भीतीने नाही म्हणाला. मला म्हणाला, "इतके दिवस मला वाटायचं ती झोपेत गेली असेल. डुलकी लागली असेल, कळलंही नसेल तिला. तिला कळलं होतं हो. शेवटपर्यंत धरून होती ती. टायर धरत नव्हते."

तो गाडीजवळ गेला. फिरणाऱ्या चाकाजवळ. बारीक आवाजात म्हणाला, "पोरी... थांब. चूक माझी. मला माहीत होतं आणि मी बसवले. बाबांचं काही नाही त्यात."

चाकं फिरतच होती.

"आज पण बसवले," तो म्हणाला. "काढतो. थांब जरा. काढतो मी."

पुढची चाकं डावीकडे वळत होती. अर्ध्यात आली... आणि सरळ झाली.

मागची हळूहळू मंदावली.

उभी राहिली.

मग रात्रभर त्याने काम केलं. चारही चाकं उतरवली, जुने टायर रिमवरून सोडवले. ते परत कोणी मागू नयेत म्हणून करवत घेऊन बसला. तुम्हाला वाटतं टायर कापणं सोपं? आत तारा असतात. हाताची सालटी निघाली. तरी एकेकाचे चार तुकडे केले. मग रुंद खाचांचे चढवले, हवा भरली, चाकं जागेवर लावली आणि लिफ्ट खाली घेतली. गाडीचं दार त्याने रात्रभरात एकदाही उघडलं नाही. त्या दाराला हात लावायची हिंमतच नव्हती.

सहाला चष्मेवाले आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. आधी टायर पाहिले, मग कोपऱ्यातले तुकडे.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"मी नाही घालणार, काका."

"काल हो म्हणालास."

"काल पण म्हणालो आणि तेव्हा पण म्हणालो. आता नाही." आयुष्यात पहिल्यांदा 'नाही'वर ठाम राहत होता. "तुम्ही कुठे निघालायत ते मला ठाऊक आहे. मला मारा, पोलिसांत द्या. पण नाही."

चष्मेवाले पुढे झाले. ह्याच टायरवर जायचं, असं ठरवलं असावं. किल्लीसाठी हात पसरला आणि दुसऱ्या हाताने चालकाच्या बाजूचं दार उघडलं.

आत बसायला वाकले... आणि तिथेच राहिले.

मी तेवढ्यात दुकान उघडायला आलो होतो. पैलवानाने मला हाक मारली. "काका, इकडे या. ही सीट बघा."

सीट पुढे ओढलेली होती. स्टिअरिंगला चिकटेल इतकी. चष्मेवाले उंच माणूस, गुडघेच आत जाईनात. पैलवान तर सहा फुटांवर. आदल्या संध्याकाळी तोच त्या सीटवर बसला होता, पार मागे सारून. मी खाली हात घालून सीट जिच्यावर सरकते ती पट्टी तपासली, ते तर माझंच काम. खाचा शाबूत. खटका घट्ट. वर उचलून धरल्याशिवाय सीट बोटभर हलत नव्हती. म्हणजे घसरली म्हणायची सोय नव्हती. कोणीतरी खटका उचलून पुढे घेतली होती. एवढ्या पुढे सीट घेऊन गाडी चालवणारं माणूस मी एकच पाहिलं होतं. जेमतेम माझ्या खांद्याला लागायची. स्टूल घेतल्याशिवाय म्हशीच्या पाठीपलीकडचं दिसत नाही, म्हणून बाप चिडवायचा.

"मागे करू का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही मला.

चष्मेवाल्यांनी मान हलवली. नको.

सीट आणि स्टिअरिंगच्या मधे वीतभर जागा होती. तिथे त्यांनी हात ठेवला. किती वेळ, कोण जाणे. रस्त्यावर दूधवाले येऊन गेले. मग त्यांनी ते दार हलकेच लावलं, झोपलेल्याच्या खोलीचं लावतात तसं. गाडीला वळसा घालून पलीकडे गेले. दुसऱ्या सीटवर बसले, तिच्या शेजारच्या. पट्टा लावला. चष्मा काढून हातात घेतला.

आणि मग रडले. तीन वर्षांचं सगळं.

नऊ वाजता म्हणाले, "घरी जाऊ."

चालवायची तर सीट मागे घ्यावी लागणार. आमच्यापैकी कोणी तो विषय काढला नाही. मी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरलं, पैलवानाने मागून खांदा लावला, आणि पाऊण मैल गाडी ढकलत नेली. नवे टायर. आवाजसुद्धा नाही.

चष्मेवाले गेल्या वर्षी गेले. आपल्या अंथरुणात, झोपेत. गाडी त्यांच्या भाच्याकडे आहे, विकत नाही. मी मागच्या महिन्यात जाऊन आलो.

सीट अजून तिथेच आहे. पुढून तिसऱ्या खाचेत.