अंगठीच्या खुणेचा रोडगा

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. त्या दिवशी मी तिथं होते, आणि जे झालं त्यात माझाही हात आहे. भुतं फक्त रात्रीचीच असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढं वाचूच नये.

साल १९७४. दिवाळीनंतरचा रविवार. भर दुपार.

आम्ही नागपूरला लकडगंजात राहायचो. बाबा रेल्वेत कारकून. माझ्या मोठ्या बहिणीचं, प्रेमिलाताईचं, नुकतंच साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. ती सासरी जायच्या आधी एकदा सगळे मिळून फिरून येऊ म्हणून आई, बाबा, ताई आणि मी पारशिवनीकडच्या एका धबधब्यावर गेलो. वनखात्यानं तिथं नवीच बाग केली होती. नाव मुद्दाम सांगत नाही.

फाटकाबाहेर मोहाच्या झाडाखाली भीमाबाईची खानावळ होती. खानावळ कसली, चार बांबू, वर ताडपत्री आणि रोडगे भाजायला गोवऱ्यांचा जगरा.

तिची एक रीत होती. कणकेचा गोळा ज्याचा त्यानं वळायचा, आपली खूण करायची आणि फिरायला जायचं. परत येईपर्यंत रोडगा निखाऱ्यात भाजून तयार.

"पण ज्याचा त्यानंच खायचा बरं," ती म्हणाली. "दुसऱ्याले नाही द्यायचा."

"काहून?" मी विचारलं.

"आता काहून म्हंजे! माही सासू असंच सांगे."

बाबांनी अंगठा उमटवला, आईनं चिमटा काढला, मी तीन बोटं दाबली. ताईनं बोटातली साक्षगंधाची अंगठी गोळ्यावर दाबून तिची खूण उमटवली. आम्ही तिला इतकं चिडवलं की ती लाजून हसत सुटली.

ते हसणं मी शेवटचं ऐकलं...

धबधबा जोरात होता. कानाशी तोंड नेऊन बोलावं लागत होतं. ताई पाय धुवायला समोरच्या मोठ्या खडकामागं गेली.

आणि आवाज थांबला...

पाणी पडतच होतं. पांढरंशुभ्र. पण आवाज नव्हता. पाण्याचा नाही, पाखरांचा नाही.

"ताई!" मी ओरडले. माझी हाक मलाच ऐकू आली नाही.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग एकदम सगळा आवाज परत आला. वळून बघते तर ताई माझ्या मागं उभी.

खडक तर समोर होता.

"चल, भूक लागली," ती म्हणाली.

वाटेनं ती माझ्या पुढं चालत होती. दोन्ही हात काचेच्या बांगड्यांनी भरलेले... एकही बांगडी वाजली नाही.

भीमाबाईनं जगरा उकरला. तीन रोडगे खरपूस भाजले होते. चौथा...

चौथा कच्चा होता. दोन तास लाल निखाऱ्यात राहून पांढरा, ओला, थंडगार. वर अंगठीची खूण.

भीमाबाईचा चेहरा उतरला. ती बाबांना हळूच म्हणाली, "साहेब, जरा थांबा गा. तुमचं एक माणूस अजून यायचं आहे."

बाबा हसले. "चौघं आलो, चौघंही इथंच आहो. चारची एसटी चुकली तं मुक्काम इथंच पडन."

मला फक्त तिथून निघायचं होतं. मी घाईघाईनं माझा रोडगा मोडला, तूप ओतलं आणि अर्धा ताईपुढं धरला. "खा लवकर, अन् चल."

"नको देऊ वं पोरी!" भीमाबाई ओरडली.

तोवर ताईनं घास घेतला होता. वाफाळता घास... तिनं फुंकरही मारली नाही.

आम्ही चारची एसटी पकडली.

ताईचं लग्न झालं, मुलं झाली. कुणी नाव ठेवावं असं काहीच नाही. अंगठी पाण्यात पडली म्हणाली. तळहात मात्र तेव्हापासून कायम ओले. आई म्हणायची, घाम आहे.

१९८६ साली शाळेच्या कामानं मी पारशिवनीला गेले. पाय आपोआप धबधब्याकडं वळले. भीमाबाई वारली होती. तिची सून भागीरथा खानावळ चालवत होती. बोलता बोलता मी अंगठीच्या रोडग्याचं सांगितलं.

तिचे हात कणकेतच थांबले.

"ते तुम्ही होय, बाई? तुमची एसटी गेली, अन् घंटाभरानं एक पोरगी आली धबधब्याकडून. चिंब ओली. म्हणे, माहे आई-बाबा कुठी गेले? माही लहान बहीण कुठी गेली?"

मी तिच्यासमोर खाली बसले.

"सासूनं तो कच्चा रोडगा पुन्हा जगऱ्यात टाकला. लगेच भाजला, बाई! रडत रडत खाल्ला तिनं. मंग रस्त्यावर जाऊन बसली. म्हणे, मी राहून गेली हे त्यायले समजनच. घ्यायले येतीन ते मले."

"मग?"

"दिवस बुडेपर्यंत बसून होती. मंग... दिसली नाही."

हे मी घरी कधीच सांगितलं नाही. आई-बाबा आता नाहीत. ताई सध्या माझ्याकडंच राहायला आली आहे. हे लिहिते आहे तेव्हा ती आत चहा करते आहे. माझ्यावर जीव टाकते. तरी मला तिची भीती वाटते.

पण त्याहून जास्त मला रडू येतं. ती पोरगी रस्त्यावर आमची वाट बघत बसली होती, आणि निघायची घाई मीच केली होती.