चौथा विभाग

सन २०९३ मध्ये डोक्यात नखाएवढी चकती असण्याचे कुणालाच नवल उरले नव्हते. पक्षाघाताने ज्यांची स्मृती ढासळली, त्यांच्या आठवणी ती सांभाळी. लोक तिला ‘स्मृतिधर’ म्हणत. मात्र ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता आणि पंचवीस वर्षांपूर्वी बसवलेल्या चकत्या आता एकामागून एक विझू लागल्या होत्या. उपाय एकच होता: ‘अनुकारक’, म्हणजे नव्या यंत्रावर चालणारी जुन्या चकतीची हुबेहूब नक्कल.

कालिंदीबाई राजोपाध्ये यांनी सोलापुरात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापकी एकतीस वर्षे केली होती. पंचवीस वर्षांपूर्वी चकती बसवलेले पती विश्वंभरपंत शेजारच्या खाटेवर गुंगीत होते, आणि बाई अनुकारकाचा नकाशा उत्तरपत्रिका तपासावी तसा वाचत होत्या.

नकाशा समजायला अवघड नव्हता. स्मृतीचे चार विभाग होते. प्रत्येकाला आधीच बजावून ठेवायचे: तू केवळ वाचण्यासाठी, तू वाचण्या-लिहिण्यासाठी, किंवा तू नाहीसच. ‘नाहीस’ म्हटलेल्या विभागात काहीही ठेवले, तरी परत मागताच उत्तर शून्य येई. नकाशात असेल तेवढेच जुनी चकती अनुकारकाला सोपवी आणि कायमची विझे. नकाशावर मोहोर एकदाच उमटे. नंतर फेरफार नाही.

“बाई, चौथ्याचा घोळ आहे,” अभियंता सायरा मुजावर म्हणाली. “पुस्तिकेत तो राखीव, म्हणजे रिकामा आहे. पण आत हालचाल दिसतेय.”

“कसली?”

“कुलूपबंद आहे, बाहेरून वाचता येत नाही. कचरा असला तर अनुकारक अडकून बसेल आणि पंत शुद्धीवरच येणार नाहीत. कचरा नसला, तर... तुम्हीच सांगा.”

“पुस्तिका कुणी छापली?”

“कारखान्यानंच.”

“मग छापलंय तसं कर. अंदाजपंचे कारभार माझ्या शाळेत कधी चालला नाही.”

सायराला हसू आले. “आमच्या अम्मीला तुम्ही याच आवाजात वर्गाबाहेर उभं केलं होतंत.”

“सुधारली ना? लिही, ‘नाही’.”

तासाभराने पंत शुद्धीवर आले. त्यांनी पत्नीकडे पाहिले, तिला ओळखले आणि मान भिंतीकडे वळवली.

“मुली,” ते सायराला म्हणाले, “यांना म्हणावं, बाहेर बसा.”

ती वळलेली मान कालिंदीबाईंच्या चांगल्या परिचयाची होती. धाकट्या दिराला, मधूला, त्यांनी एका शब्दासरशी घराबाहेर काढले होते. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. त्यानंतर सहा वर्षे पंत त्यांच्याशी असेच तिसऱ्याच्या तोंडून बोलत. मग एका सकाळी त्यांनी आपण होऊन दोन कप चहा केला आणि बोलू लागले. त्याला चौदा वर्षे झाली होती. उभ्या संसारातली सुखाची वर्षे तेवढीच.

सायराने नोंदी पुन्हा तपासल्या. तिचा चेहरा उतरला.

“पहिले तीन विभाग चकती बसवल्यापासून अकराव्या वर्षीच भरले होते, बाई. पुढचं सगळं चकती गुपचूप चौथ्यात लिहीत होती. कारखान्यालाही ठाऊक नसावं.”

“हरकत नाही,” कालिंदीबाई कशाबशा म्हणाल्या. “एकदा क्षमा केली, पुन्हा करतील.”

“करतीलही. पण ठेवतील कुठे? जागेपणी ते तात्पुरत्या स्मृतीत राहील. झोप लागली की कायमचं लिहायला चौथ्या विभागाकडे जाईल. आणि तिथून शून्य.”

“नकाशा बदल.”

“मोहोर एकदाच असते, बाई.”

“मी सांगतेय ना, बदल!”

सायरा खाली मान घालून उभी राहिली. त्या आवाजाने आजवर सगळे हलले होते. ती मोहोर हलली नाही.

कालिंदीबाई खाटेशी बसल्या. जे चौदा वर्षांपूर्वीही त्यांच्या ओठांवर आले नव्हते, ते त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीला म्हणाल्या, “चुकलं माझं. मधूभाऊजींना मी घालवायला नको होतं.”

पंत हळूहळू या कुशीवर वळले. त्यांचे डोळे भरले होते.

“एवढंच ऐकायचं होतं गं, कालिंदी.” त्यांनी तिचा हात हातात घेतला. “संपलं. मनात काही ठेवू नकोस.”

दुपारचे दोन वाजत होते. पंतांना जांभई आली.

“जरा पडतो. उठल्यावर निवांत बोलू.”

“झोपू नका.”

“अगं, डोळे मिटताहेत.”

“अहो, पाया पडते तुमच्या. झोपू नका.”

“वेडी आहेस,” पंत हसले. तिचा हात तसाच छातीशी धरून त्यांनी डोळे मिटले.