नववा अंगठा

"काम म्हणजे एका बल्बचं होतं," काकांनी सुरुवात केली. "आजीच्या पुढच्या दारावरचा बल्ब उडाला होता आणि तिचा एक नातू वायरमन. आजी म्हणाली, बघ रे जरा. हा म्हणाला, उद्या बघतो गं, आज सुट्टी आहे."

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," धाकटी म्हणाली.

काकांकडून भुताची गोष्ट ऐकायला गच्चीवर सगळे गाद्या टाकून पडले होते. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. धाकटी काकांची पुतणी, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला, आणि मोठ्यांच्या पाल्हाळाला तिच्याइतकं वैतागणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. उकाडा मरणाचा होता, तरी काकांच्या पायांत जाड मोजे होते. त्यावरून संध्याकाळीच तिनं त्यांना छेडून घेतलं होतं.

"मध्ये बोलू नकोस. हे माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत घडलंय."

"भुतांना बरी नेहमी ओळखीचीच माणसं सापडतात!"

पोरं खिदळली. काका हसले नाहीत.

तर नोव्हेंबरमधला तिसरा शनिवार होता. महिन्यातून एकदा सगळी भावंडं आजीकडे जमायची. दिवसभर पत्ते, लोळणं, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या. रात्री हॉलमध्ये नऊ गाद्यांची ओळ. आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणून झोपण्याआधी ती वाकून ओळीतून जायची आणि प्रत्येकाच्या पायाचा एक अंगठा दाबून मोजायची. तिच्या बोटांना सांधेदुखीचं मलम लावलेलं असायचं, त्याचा वास नाकात जायचा. नऊ भरले की आजी झोपणार. नाही भरले तर ती जागी.

वायरमनला शेवटच्या खेळाला सिनेमाला जायचं होतं. बावीस वर्षांचा घोडा, पण मोठ्या मामांनी साफ नाही म्हटलेलं. त्यानं शेजारच्या गादीवरच्या मावसभावाला पटवलं. "आजी आली की आधी डावा पाय दे. मग उजवा हळूच माझ्या गादीवर टाक. तिला काय दिसतंय!"

मावसभावानं पाय दिले. दोन्ही. मोजणी भरली.

वायरमन परतला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. थंडी कडाक्याची. लांबूनच त्याला दिसलं, पुढच्या पायरीवर काहीतरी लुकलुकतंय. टॉर्च. टॉर्चशेजारी आजी बसलेली, शाल डोक्यावरून घेतलेली. दारावर बल्ब नव्हता ना... म्हणून टॉर्च.

आता बोलणी बसणार. मामा उठणार. तो मागल्या बाजूला वळला, स्वयंपाकघराच्या दारानं आत शिरला आणि पांघरुणात घुसला. आजी येईल थोड्या वेळानं, म्हणाला मनाशी. आणि झोपला.

सकाळी आजी तिथेच होती. टॉर्चचा उजेड पिवळा पडलेला. अंग लाकडासारखं.

"कुणाला काही कळलं नाही," काका म्हणाले. "सगळे म्हणाले, म्हातारं माणूस, झोप लागली नसेल. बाहेर जाऊन बसली असेल. हे दोघं गप्प राहिले."

वर्ष गेलं. पुन्हा नोव्हेंबर, पुन्हा तिसरा शनिवार. मामी म्हणाली, जमू या सगळे, आजीला बरं वाटेल. पत्ते झाले. हसणं झालं. वायरमननं सगळ्यांत आधी पुढच्या दारावरचा बल्ब बदलला. मग नऊ गाद्या पडल्या. तो कडेला, नववा.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी त्याला जाग आली. मलमाचा वास...

ओळीच्या त्या टोकाला पहिल्याचा पाय झोपेत दचकला. मग दुसऱ्याचा. तिसऱ्याचा. एकेक. सावकाश. अंगठे दाबणारं मात्र कुणीच दिसत नव्हतं.

पाचवा. सहावा.

त्याची घाबरगुंडी उडाली होती. तरी त्यानं काय केलं माहितेय? पांघरुणातून पाय बाहेर काढला. मुद्दाम. अंगठा वर करून ठेवला.

सातवा.

आठवा मावसभाऊ. त्याचा डावा पाय दचकला. मग उजवा.

आणि मग... काही नाही.

वास मागे फिरला. पहिल्यापासून पुन्हा. एक, दोन, तीन. आठव्याशी डावा. उजवा. थांबणं. पुन्हा पहिल्यापासून.

"आजी," तो कुजबुजला. "मी आहे ना इथे. आलोय गं."

कडी सरकली. दार उघडलं. बाहेर पायरीवर कुणीतरी बसल्याचा आवाज.

तो धावला. पायरी रिकामी. वर नवा बल्ब लख्ख पेटलेला. तो तिथेच बसला, उजाडेपर्यंत.

"सकाळी सातजणांच्या एकेका अंगठ्याला मलमाचा वास होता. वायरमनचे पाय कोरडे. अजूनही तो दर नोव्हेंबरात येतो. ओळीत झोपत नाही. पायरीवर बसतो."

धाकटी उठून बसली होती.

"सात आणि वायरमन. आठ झाले. मावसभाऊ राहिला, काका."

काकांचा हात मोज्यांकडे गेला.

"तुम्हा मोठ्यांचं हे असंच. कबुली द्यायची असली की गोष्ट सांगता. दुसऱ्याच्या नावावर."

"तिला तेव्हाच कळलं होतं," काका म्हणाले. आवाज बसला होता. "आम्हाला लहानाचं मोठं करणारे हात ते. उजवा अंगठा तिनं किती वेळ धरून ठेवला. रागावली नाही. कुणाला उठवलं नाही. नुसती धरून बसली... मी डोळे उघडून 'तो सिनेमाला गेलाय' एवढं म्हणायचं होतं. मी घोरण्याचं सोंग केलं."

कुणीतरी विचारलं, "मग सकाळी तुमच्या पायांना...?"

काका वाकले. एका पायातला मोजा काढला. मग दुसऱ्या पायातला.

वारा पडलेला होता. या घरात सांधेदुखीचं मलम आता कुणीच वापरत नव्हतं. तरी तो वास गच्चीभर पसरला, ताजा, आत्ताच कुणीतरी हात लावून गेल्यासारखा.

धाकटीनं आपले पाय पोटाशी ओढून घेतले.