खिडकीवरची माझी सही

हे घडलेलं आहे. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, आजही नाही. म्हणूनच माझ्या वहीत वार आणि वेळ घालून जे लिहिलेलं आहे, तेवढंच इथे उतरवतो.

गाव जानेफळ. गेल्या वर्षीचा एप्रिल.

आणि रात्र नाही... भर दुपार.

मी किसनराव. अक्षरं शिकलो बेचाळिसाव्या वर्षी, साक्षरता वर्गात. तेव्हापासून एक सवय लागली. कोणी अचाट काही सांगितलं की विचारायचं, पुरावा काय? माळावरचा भुताचा दिवा म्हणजे रानडुकरं हाकलणाऱ्याची बॅटरी, हे मीच शोधून काढलं होतं.

घरात आम्ही तिघं. मी, सून सारिका आणि पाच वर्षांची नात अश्विनी. मुलगा प्रेमानंद ट्रकवर. जाण्याआधी त्याने मागच्या खोलीतल्या ज्वारीच्या तिन्ही पोत्यांत किडीच्या गोळ्या एकेका चिंधीत बांधून टाकल्या आणि पोत्यांची तोंडं सुतळीने शिवली. गावात सगळेच तसं करतात.

रात्री आम्ही अंगणात झोपायचो. दुपारी मात्र मायलेकी मधल्या खोलीत पडायच्या. मागची खोली तिला लागून. दोन्हींमधली भिंत वर छपराच्या टिनापर्यंत पोहोचत नाही.

सोमवारी दुपारी सारिका ओसरीत आली. चेहरा उतरलेला.

"मामाजी, मागच्या खोलीत कोणीतरी पाखडून राह्यलं."

"उंदीर असन."

"उंदीर सूप धरते काय? दोन फटके मारते, मंग थांबते. आत्याबाईवानी."

आत्याबाई म्हणजे माझी बायको, कलाबाई. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. डावं मनगट मोडून वाकडं जुळलं होतं तिचं. दोन फटक्यांनंतर ती दम घ्यायची.

मी कान दिला.

फट... फट...

शांतता.

फट... फट...

"लसणाचा वास बी येते," सारिका म्हणाली. "त्या ठेचा कुटत, तसा."

मला तपकिरीमुळे वास येत नाही. आणि कानावर भरवसा किती ठेवायचा?

"तीन दिवस दे मले. कोणी आत जाऊच शकणार नाही असं करतो. तरी आवाज आला तं मानीन."

"मानून काय करसान?"

"मंग पाहू."

मी दाराला कुलूप लावलं. खिडकी बंद केली. सगळ्या फटींवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या. प्रत्येक पट्टीवर सही केली. बोट जाईल एवढीही जागा ठेवली नाही.

मंगळवार, दोन वाजून दहा मिनिटं. आवाज आला. पट्ट्या जशाच्या तशा.

बुधवार. पुन्हा आवाज. मग आत काहीतरी ओढल्यासारखं...

मग खिडकीवर आतून थाप पडली.

एकच. हलकी.

त्या दिवशी सारिकाला दोनदा उलटी झाली. डोकं धरून बसली होती. ऊन लागलं असेल म्हणून मी तिला पन्हं करून दिलं.

"मामाजी, ते खिडकी तं उघडा. आत्याबाईले खिडकीच पाह्यजे."

"एकच दिवस राह्यला. आता पट्टी फाडली तं पुरावा काय राहीन?"

"मंग आम्ही अंगणातल्या निंबाखाली झोपतो."

"एवढ्या उन्हात? लेकरू भाजन."

ती हसली. "मेल्यावर बी त्यायची सही घेसान तुमी."

गुरुवारी मी ओसरीत वही घेऊन बसलो. दोनच्या सुमारास अश्विनी एकटीच बाहेर आली. डोळे चोळत.

"काऊन उठली, बाई?"

"आजीनं उठवलं. म्हणे, आबापाशी जाऊन बस."

"कोणती आजी?"

"वाकड्या हाताची."

कलाबाई गेली तेव्हा ही एक वर्षाची होती. पण आजीच्या मनगटाचं कोणी सांगितलंही असेल...

तेवढ्यात आवाज सुरू झाला. या वेळी दम घेणं नव्हतं. आणि खिडकीवर थापा... एकामागून एक...

मी उठलो नाही.

मी वेळ लिहीत होतो. दोन वाजून बारा. आवाज मोठा. साक्षीदार, अश्विनी.

मग सगळं थांबलं.

चार वाजता मी चहासाठी सारिकाला हाक मारली.

तिने ओ दिली नाही.

डॉक्टर म्हणाले, गोळ्यांचा वायू. खिडकीच्या फटी मोकळ्या असत्या तर बराचसा बाहेर गेला असता. वाट नव्हती, म्हणून भिंतीवरून मधल्या खोलीत उतरला. लसणासारखा वास त्याचाच.

वासाचा उलगडा झाला.

संध्याकाळी चार माणसांसमोर आधी दाराच्या आणि खिडकीच्या पट्ट्या तपासल्या. एकही फाटलेली नव्हती. माझी सही जशीच्या तशी. मग खिडकी उघडली.

खिडकीच्या आतल्या कडेवर गोळ्यांच्या तिन्ही चिंध्या ओळीने ठेवलेल्या होत्या.

खुंटीवरचं सूप जमिनीवर होतं. त्यात ओंजळभर ज्वारी. पोत्यांची शिवण मात्र कुठेही उसवलेली नव्हती.

कोणीतरी त्या चिंध्या बाहेर टाकायला खिडकीपर्यंत आणल्या होत्या.

प्रेमानंदने मला एकच विचारलं.

"बाबा, खिडकी उघडाले किती पुरावा लागते?"

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

लोक विचारतात, आता तरी मानता का? ती कलाबाईच होती, याचा पुरावा माझ्याकडे नाही. दुसरं कोण होतं, याचाही नाही.

आता मागच्या खोलीत धान्य नाही. सूपही मी जाळून टाकलं. तरी गेल्या बुधवारी, दुपारी...

फट... फट... फट... फट...

मधे थांबणं नाही. सरळ मनगटाचा, तरणा हात.

मी वही उघडली नाही. अश्विनीला झोपेतून उचललं आणि निंबाखाली जाऊन बसलो.

"आबा, ऊन लागते."

"लागू दे."

दिवस मावळेपर्यंत बसलो. काहीच घडलं नाही.

निदान बाहेर तरी काही घडलं नाही. आत जाऊन मी पाहिलेलं नाही.