चालत आलेलं गिऱ्हाईक

तिच्या केस कापण्याच्या दुकानात पायी आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक. काचेतून तिला तो दिसला... रुंद रस्ता, पावसाची भुरभुर, भरधाव गाड्या, आणि मधोमध हा!

"जीव नकोसा झालाय का?" तो आत येताच ती कडाडली.

"रस्त्यांचा इंजिनिअर आहे मी. लोकांना चालत पलीकडं जाता यावं म्हणून इथं पांढऱ्या पट्ट्यांचा उंचवटा करतोय." तो हसला. "आणि केसही वाढलेत."

हसू गोड होतं, हीच पंचाईत. तिचं घर दुकानाच्या अगदी समोर. पण याच रस्त्यावर गाडीच्या धडकेनं ताईचा पाय मोडला, तेव्हापासून ती लांबच्या चौकातून वळसा घालून गाडीनंच दुकानात यायची. त्या उपनगरात दूध आणायलासुद्धा गाडी काढावी लागे. चालणाऱ्याला लोक वेड्यात काढत.

हा मात्र दर आठवड्याला येऊ लागला.

"अहो, कापायला केस उरलेत कुठं?"

"मग... नुसतं बसू का?"

तो बसायचा. परत निघाला की ती डोळे मिटून घ्यायची. कुठं ब्रेक करकचले की दचकून उघडायची. असल्या माणसात जीव गुंतवायचा म्हणजे जन्मभर जीव टांगणीला! नकोच ते, असं ती स्वतःला रोज बजावायची.

उंचवटा तयार झाला. आठवडाभरात याच्याशिवाय कुणी त्यावरून चाललं नाही, तर पालिका तो उखडणार होती आणि याची बदली होणार होती. शेवटच्या संध्याकाळी तो समोरच्या कडेला एकटाच उभा होता.

तिनं दुकानाला कुलूप लावलं, गाडी तिथंच ठेवली आणि उंचवट्यावर पाऊल टाकलं. एक गाडी आली... मंदावली... थांबली. दुसरी मात्र वेगात होती. ती मधोमध थिजली. तो धावत आला आणि तिच्यापुढं उभा राहिला. गाडी हातभर अंतरावर थांबली.

"घाबरलात?"

"तुम्हाला काही होईल म्हणून..." तिला रडूच फुटलं. "पहिल्या दिवसापासून घाबरतेय."

"मीही घाबरतच यायचो," तो हळूच म्हणाला. "गाड्यांना... आणि तुम्ही नाही म्हणाल, याला."

तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"ताई जेवायची थांबली असेल. चला – पण दोन्हीकडं बघून."

घराच्या फाटकापर्यंत तिनं तो हात सोडला नाही.