वाळूखालचा रामिश्को

फेब्रुवारीत आमच्या फोंतानेलास गावात उत्तरेचा वारा सुटला की जेवताना दाताखाली वाळू कचकचते. अशाच एका सकाळी माझा भाऊ बेल्मीरो समुद्राकडच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यात खड्ड्यात उतरला. त्याला रामिश्कोचे वेल लावायचे होते. वयाच्या साठीला.

मी त्याला पुष्कळ सुनावलं होतं. रामिश्को ही द्राक्षांतली हट्टी जात. वेल वाळूवर लोळतो, पण मूळ खालच्या चिकणमातीत पोचल्याशिवाय जीव धरत नाही, म्हणून आधी माणूस बुडेल एवढे चर खणायचे. मग काही वर्षांनी बारकेसे घड येणार, आणि त्यांची वाइन कितीतरी वर्षं नुसती जीभ सोलणार. शेजाऱ्यांनी तर जमिनी बंगल्यांसाठी देऊनही टाकल्या होत्या.

"ती पिण्याजोगी होईपर्यंत तू असणार आहेस का?" मी विचारलं.

"मी नसेन. ती असेल ना," तो म्हणाला.

बायको गेल्यापासून त्याने पुढच्या आठवड्याबद्दलसुद्धा बोलणं सोडलं होतं. आता तो वर्षांपुढचं बोलत होता, म्हणून मग मी अडवायला गेले नाही.

बहुतेक चर यंत्राने काढले. भिंतीलगतचा कोपरा तेवढा हाताने खणायचा राहिला. त्या सकाळी बेल्मीरो खाली होता, त्याचा जावई एल्देर वरून दोराने बादली ओढत होता आणि मी कॉफी ओतत होते. म्हातारे झेफेरीनोकाका भिंतीला टेकून बघत होते. त्यांचं सगळं आयुष्य या वेलींतच गेलेलं.

वाळू ढासळली तेव्हा आवाज असा झालाच नाही. एल्देरच्या हातातून दोर सरसर निघून गेला, एवढंच. खड्डा होता तिथे आता साधा उतार दिसत होता.

आम्ही हातांनी उपसू लागलो. जेवढी काढावी तेवढी पुन्हा आत येत होती. झेफेरीनोकाकांनी फोन करून अग्निशामक दलाला बोलावलं. मी आयुष्यभर औषधांचं दुकान चालवलेलं. श्वासाशिवाय माणूस किती वेळ तगतो ते मला ठाऊक आहे. गाडी यायच्या आधीच ती वेळ टळून गेली होती. एल्देरला मी ते सांगितलं नाही.

फळ्या लावत लावत जवान खाली पोचले. आधी खांदा लागला, मग डोकं.

बेल्मीरोने डोळे उघडले.

ओठ निळे नव्हते. नाकातोंडात वाळूचा कणही नव्हता. मी स्वतः बोट फिरवून पाहिलं.

"दुसऱ्याला काढलंत का?" त्याने विचारलं.

"कुणाला?"

"खाली होता तो. त्याने माझ्या डोक्यावर टोपली घातली. घाबरू नकोस म्हणाला. आधी त्याला काढा."

आजोबांच्या काळी खणणारे डोक्यावर टोपली घालूनच उतरत. वाळू अंगावर आली तर तेवढीच हवा. आज तिथे टोपली कुणी आणलीच नव्हती. मी जवानांना म्हटलं, लहानपणी ऐकलेलं धक्क्याने वर आलं असेल. पण बेल्मीरो गाडीत चढायलाच तयार होईना. शेवटी त्यांनी माती लागेपर्यंत खणलं.

माणूस नव्हता. टोपली नव्हती.

चिकणमातीत मनगटाएवढं जाड एक मूळ होतं. फावडं लागलं होतं तिथे आतून पांढरं, ओलं. मी शाळेत असताना वडिलांनी इथले सगळे वेल उपटून मका लावला होता. त्यानंतर इथे वेल नव्हता.

बेल्मीरोला इस्पितळातून घरी आणल्यावर मी झेफेरीनोकाकांना गाठलं. त्या तुकड्यात कोण मेलं होतं, असं सरळच विचारलं.

"कुणी नाही, पोरी," ते म्हणाले. "वाळू पुष्कळदा पडली. माझ्या बापावर पडली, तुझ्या आजोबांवर पडली. मेलं कुणीच नाही."

"आणि बाहेर आल्यावर?"

त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"सगळे हेच विचारायचे. दुसऱ्याला काढलंत का?"

मार्चमध्ये बेल्मीरोने त्या मुळाशेजारी पहिला वेल लावला. जुनं मूळ त्याने कुणाला तोडू दिलं नाही. यंदा चौथं वर्ष, आणि सप्टेंबरात पहिले घड आले. रस इतका तुरट की बेल्मीरोने तोंड वेडंवाकडं केलं आणि मग पोट धरधरून हसला. आता तो नातीच्या लग्नात कोणतं पिंप उघडायचं ते ठरवतोय. नात अजून रांगते.

मीही जाते तिथे, वारा पडला की. त्या वेलाच्या बुंध्याशी वाळूत वाटीएवढा खळगा आहे. कितीदा भरला तरी तो पुन्हा होतो. मुंग्या असतील, उंदराचं बीळ असेल म्हणून शोधलं, काही सापडलं नाही. आता मी नुसती बसून बघते. काठावरचे कण आत घरंगळतात. श्वास धरल्यासारखे क्षणभर थांबतात. मग एकेक करून पुन्हा काठावर चढतात.

त्यांना कसली घाई नसते.