रणगाड्यावरचा चिखल

"अंतरा! ही आईची चहाची गाळणी हाय!" चैत्राली ओरडली.

"मग चिखल कशाने गाळू? तुझ्या ओढणीने?" नऊ वर्षांची अंतरा वाळलेला चिखल चुरून गाळतच राहिली. थोरल्या बहिणीला घाबरणे तिला जन्मात जमले नव्हते.

दसऱ्याची सुट्टी होती. खमरियातल्या कारखान्याच्या वसाहतीत, क्वार्टरच्या वरच्या गॅलरीत, वर्तमानपत्रावर, हातभर लांबीचा एक रणगाडा बसला होता. शेजारच्या वेदांतच्या बाबांनी तो पूर्वी कधीतरी सुटे भाग आणून जोडलेला. ती मंडळी गेल्याच वर्षी पुण्याहून बदलून आलेली, आणि सामानात हा हिरवागार, चकचकीत रणगाडा! तिघांनी त्याला मळकट हिरवा रंग दिला, स्पंजच्या तुकड्याने टिपून टिपून खरचटल्याच्या खुणा केल्या, पातळ तपकिरी रंग सांध्यासांध्यांत मुरवला. आता शेवटचा चिखल.

"चाकांवर जास्त, वर कमी," वेदांत म्हणाला. "आजोबांनी सांगितलंय तसं."

आजोबा म्हणजे समोरच्या इमारतीतले पुंडलिकआजोबा. तरुणपणी त्यांनी खराखुरा रणगाडा चालवला होता! त्यांच्या गोष्टी ऐकत मुलांच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या होत्या. पण उद्या संध्याकाळच्या गाडीने ते मुलाकडे नागपूरला निघाले होते, आणि तेही कायमचे. उद्या सकाळी मराठी मंडळात हस्तकलेचे प्रदर्शन होते. तिथे सगळ्यांसमोर हा रणगाडा त्यांच्या हातात द्यायचा, असे चैत्रालीने ठरवून टाकले होते.

चिखल लावून झाला. रणगाडा उन्हात ठेवून मुले जेवायला गेली. जेवून, भांडून, जरा लवंडून परत येतात तो काय! नुसते वर्तमानपत्र फडफडत होते.

"माकडं!" वेदांत किंचाळला.

"माकड रणगाडा घेऊन काय करंल रे? लढाई?" अंतराने विचारले.

चैत्राली मात्र जिन्याकडे बघत होती. पायऱ्यांवर माती सांडली होती, अगदी पिठासारखी बारीक.

"ही आपली माती हाय! गाळलेली! चलो!" ती म्हणाली.

मातीचा माग खालच्या नळापाशी संपला. नळाखाली तपकिरी पाण्याचे थारोळे होते आणि एक जुना टूथब्रश चिखलाने माखून पडला होता.

"कोणीतरी धुतला त्याला!" वेदांतचा आवाज रडवेला झाला.

"आणि हे पाहा," चैत्राली खाली वाकली. फरशीवर हिरव्या रंगाचा ताजा, चकचकीत थेंब होता. तिघांनी एकदम मान वळवली. समोरचे फाटक त्याच रंगात झळकत होते, आणि आज सकाळी ते रंगवत होते खालचे शांतारामकाका!

शांतारामकाका मंडळाचे सचिव. स्वच्छता म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कचऱ्याचा डबासुद्धा साबणाने धुणारा माणूस! त्यांनी दार उघडले तेव्हा त्यांचा अंगठा हिरवा होता.

"या, या! नमस्कार करा. आज खंडेनवमी हाय ना!"

आत पाटावर पूजा मांडली होती. नटबोल्टचे पाने, स्क्रू पिळायचा पेचकस, हातोडी, स्कूटरची किल्ली, आणि मधोमध रणगाडा! न्हाऊन-माखून, फाटकाचा रंग लेवून, कपाळी कुंकू लावून, तोफेत झेंडूचे फूल खोचून!

"तोरण लावायला वर आलो, तर हा दिसला," काका कौतुकाने म्हणाले. "केवढा मळला होता बापा! शस्त्र हाय ते. असं घाण ठेवतात काय? चकाचक करून टाकला!"

"काका, ती घाण आम्हीच लावली होती! मेहनतीने!" वेदांत म्हणाला.

"काहून?" काकांना काहीच उमजेना. सगळे ऐकून ते जरा वरमले, पण पाटापुढे आडवा धरलेला हात काही हलेना. "पूजेतली वस्तू आता उद्या सीमोल्लंघन झाल्यावरच उचलायची. नियम म्हणजे नियम."

उद्या संध्याकाळी! तोवर आजोबा स्टेशनवर असणार! चैत्रालीच्या डोळ्यांत पाणी आले. तेवढ्यात तिची नजर पाटावरच्या किल्लीवर गेली आणि डोळे एकदम लुकलुकले.

"काका," ती साळसूदपणे म्हणाली, "प्रदर्शनाचे हार आणायला विजय नगरच्या बाजारात तुम्हीच जाऊन राहिले ना?"

"अरे देवा! दुकान बंद होऊन जाईल!" काकांनी झटकन पाटाकडे हात नेला.

"काका!" अंतरा गरजली. "सीमोल्लंघन!"

हात हवेतच थांबला.

"किल्लीची गोष्ट वेगळी हाय बेटा..."

"काहून वेगळी? पूजेतलीच ना?"

काकांनी किल्लीकडे पाहिले, रणगाड्याकडे पाहिले, आणि पोट धरून हसत सुटले. "हरलो बापा तुमच्यापुढं!" त्यांनी अक्षता वाहिल्या, हात जोडले, पाट जरासा हलवला. "झाली उत्तरपूजा. घ्या तुमचा रणगाडा, आणि मला द्या माझी किल्ली!"

फाटकाचा रंग अजून ओला होता हे नशीबच! टर्पेंटाइनच्या फडक्याने तो निघाला. मग पुन्हा मळकट हिरवा रंग, पुन्हा स्पंज, पुन्हा गाळणी. हार घेऊन परतलेले काका आधी नाक मुरडत बघत बसले. चैत्रालीने त्यांच्या हातात स्पंज दिला मात्र, त्यांना असा काही रंग चढला!

"इथं आणखी थोडी घाण करू का?"

"बस्स काका! रणगाडा आहे, म्हैस नाही!" वेदांत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मंडळात गर्दी लोटली. चैत्रालीने रणगाडा पुंडलिकआजोबांच्या हातात ठेवला. आजोबांनी तो डोळ्यांजवळ नेला. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला.

"आजोबा, पुसू नका!" शांतारामकाकाच सगळ्यांच्या आधी ओरडले.

आजोबा गालात हसले. रुमालाचे टोक बोटावर गुंडाळून त्यांनी चालकाच्या समोरची नखाएवढी काच तेवढी अलगद पुसली.

"एवढीच पुसत होतो आम्ही," ते म्हणाले. "रस्ता दिसला पाहिजे ना पोरांनो. बाकी चिखल घेऊनच घरी आलो."

त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तिघांना एकदम जवळ ओढले. "शाब्बास! पन्नास वर्षांनी माझी गाडी मला परत आणून दिली तुम्ही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. संध्याकाळी नागपूरची गाडी हलली तेव्हा खिडकीत आजोबा होते, आणि त्यांच्या मांडीवर, चिखलाने माखलेला, त्यांचा रणगाडा.